वॉर, कॅमेरा, अ‍ॅक्शन!

युद्धाच्या बातम्यांमधलं खरं किती आणि 'मांडलेलं' किती? एक फॉरवर्ड चुकला आणि मी या प्रश्नाच्या मागेच लागले...

८ मे २०२५ ची रात्र. साडेअकरा वाजून गेलेले. सकाळी डेडलाइन होती, पण लॅपटॉप केव्हाच मिटलेला. आम्ही तिघी फ्लॅटमेट्स मॅगीचे बाऊल हातात धरून टीव्हीसमोर. स्क्रीनवर लाल पट्ट्या, ज्वाळा आणि मागे सतत वाजणारा तो भोंगा. 'कराची बंदर उद्ध्वस्त!' अँकरचा आवाज तर असा, की जणू तो स्वतःच बंदरावर उभा आहे. तेवढ्यात मोबाइलवर एक क्लिप आली. रात्रीचं आकाश, सुसाट जाणाऱ्या गोळ्या, पेटलेलं विमान. मी काय केलं असेल? दोन सेकंदांत फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड!

पाच मिनिटांनी साताऱ्याहून मावशीचा फोन. तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, फौजेत आहे. तेव्हा पठाणकोटच्या बाजूला होता.

"अगं, ते खरंय का? तू पाठवलंस म्हणजे खरंच असणार. पत्रकार आहेस तू. मग आता तिकडनंही उलटा हल्ला होणार ना? दादाचा फोन लागत नाहीये बाळा..."

मावशी रात्रभर टीव्हीसमोर बसून होती. देवापुढे दिवा आणि समोर तो भोंगा. सकाळी सातला दादाचा फोन आला, तो ठीक होता. ब्लॅकआउट होता आणि फोन बंद ठेवायचा हुकूम होता, एवढंच. कराची बंदरही जागच्या जागी होतं. आणि मी पाठवलेली क्लिप? ती चक्क एका व्हिडिओ गेमची होती.

मास कॉमची डिग्री गळ्यात अडकवून फिरणाऱ्या मला त्या दिवशी मावशीला फोन करायची लाज वाटली. मग मी एक काम केलं. युद्धातल्या बनावट दृश्यांचा इतिहास काढून बसले. म्हटलं, माणसं एवढी सहज फसतात तरी कशी, ते बघूया.

हाडं खरी, मांडणी खोटी

सुरुवात थेट आपल्याच देशात सापडली. नोव्हेंबर १८५७. लखनौच्या सिकंदर बागेत ब्रिटिश फौजेनं सुमारे दोन हजार बंडखोर शिपायांना ठार केलं. त्यानंतर काही महिन्यांनी, १८५८ मध्ये, फेलिस बिआतो नावाचा फोटोग्राफर तिथं पोचला. त्याचा फोटो आजही इतिहासाच्या पुस्तकांत दिसतो. पडकी इमारत, समोर विखुरलेले सांगाडे आणि मध्ये शांतपणे उभी असलेली चार माणसं. पण इतक्या महिन्यांनी हाडं अशी उघड्यावर कशी? तेव्हा लखनौत असलेले ब्रिटिश अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल यांनी आठवणींत लिहून ठेवलंय, की मृतदेह झाकून टाकले होते, पण फोटोसाठी ते पुन्हा उघडे करायला लावले गेले.

म्हणजे बघा, कत्तल शंभर टक्के खरी. माणसं मेली ती खरी. फोटो मात्र मांडलेला. फोटो 'सेट' केलाय म्हणून घटना खोटी ठरत नाही, आणि फोटो अस्सल आहे म्हणून त्याच्याबरोबर सांगितलेली गोष्ट खरी ठरत नाही. ही दोन वाक्यं मनात ठेवा, पुढे लागतील.

झूम आउट करून पाहा

आमच्या मास कॉमच्या वर्गात सरांनी एकदा एक क्लिप आवाज बंद करून दाखवली होती. ९ एप्रिल २००३, बगदादचा फिरदौस चौक. सद्दाम हुसेनचा पुतळा पडतोय, लोक नाचताहेत, चपला मारताहेत. सगळा इराक रस्त्यावर उतरलाय असं वाटावं. मग सरांनी त्याच वेळचा दुरून घेतलेला फोटो लावला. चौक बराचसा रिकामा! पुतळ्याभोवती थोडी गर्दी, त्यातही कॅमेरेवाले भरपूर. वर्गात एकदम शांतता.

इराकी लोकांनी पुतळ्याच्या चौथऱ्यावर घण घातले होते, हे खरं. पण तो पाडला अमेरिकन मरीन्सच्या अवजड रिकव्हरी वाहनानं, साखळी बांधून. त्याआधी एका मरीननं पुतळ्याच्या तोंडावर अमेरिकेचा झेंडा टाकला, तो लगेच काढावा लागला. २००४ मध्ये अमेरिकन लष्कराच्याच एका अहवालातून कळलं, की प्रचाराचं काम करणारी लष्करी तुकडी लाउडस्पीकर घेऊन तिथं हजर होती. आणि हे सगळं नेमकं याच चौकात का? कारण परदेशी पत्रकार उतरलेलं पॅलेस्टाइन हॉटेल चौकाला लागूनच होतं. खाली उतरलं की शॉट तयार!

मग हा सगळा बनाव होता का? तिथं हजर असलेले पत्रकार पीटर मास यांनी २०११ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये यावर मोठा लेख लिहिला. त्यांचा सूर असा, की आधी रचलेलं कारस्थान नव्हतं. पण कॅमेरे होते म्हणून प्रसंग वाढला, आणि क्लोजअपनं तो राक्षसासारखा मोठा केला. त्या दिवशी बगदादच्या इतर भागांत लढाई चालूच होती. टीव्हीवर मात्र पुतळा पुन्हा पुन्हा पडत होता. पाहणाऱ्याला वाटलं, संपलं युद्ध! प्रत्यक्षात अमेरिकन सैन्याला इराकमधून बाहेर पडायला २०११ उजाडलं.

हिरॉइन हवी होती...

त्याच युद्धातली जेसिका लिंच आठवते? आपण तेव्हा शाळेतही गेलो नसू कदाचित, पण गोष्ट भारी आहे. १९ वर्षांची सप्लाय क्लार्क. २३ मार्च २००३ रोजी नासिरियाजवळ तिच्या तुकडीवर हल्ला झाला आणि ती जखमी अवस्थेत पकडली गेली. १ एप्रिलला कमांडोंनी तिला हॉस्पिटलमधून सोडवलं. या मोहिमेचं हिरवट नाइट-व्हिजन फुटेज लष्करानंच शूट केलं आणि लष्करानंच वाटलं. दोन दिवसांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'नं छापलं, की ती शेवटच्या गोळीपर्यंत लढली. झाली हिरॉइन!

खरी हिरॉइन ती चार वर्षांनी झाली, असं मला वाटतं. एप्रिल २००७ मध्ये ती अमेरिकन संसदेच्या समितीसमोर उभी राहिली आणि तिनं स्पष्ट सांगितलं, की ती कथा खरी नव्हती. तिची बंदूक जॅम झाली होती, तिनं एकही गोळी झाडली नव्हती. स्वतःच्या नावावर चढवलेलं शौर्य स्वतःच उतरवून ठेवायला किती धाडस लागत असेल, विचार करा. आपण ऑफिसात दुसऱ्यानं बनवलेल्या पीपीटीचं क्रेडिटसुद्धा सोडत नाही!

धुराची कॉपी-पेस्ट

आता जरा टेक्निकल. ऑगस्ट २००६, इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यातलं लेबनॉन युद्ध. 'रॉयटर्स'साठी काम करणाऱ्या अदनान हज या फ्रीलान्स फोटोग्राफरचा बैरुतचा एक फोटो आला. बॉम्बहल्ल्यानंतरचा काळा धूर. पण धुराचे गोळे जरा जास्तच एकसारखे! फोटोशॉपमधल्या क्लोन टूलनं धुराचाच एक तुकडा उचलून पुन्हा पुन्हा चिकटवला होता. अमेरिकन ब्लॉगर्सनी हे पकडलं. मग दुसरा फोटो निघाला, त्यात एफ-१६ विमानातून सुटलेला एकच फ्लेअर तीन करून दाखवला होता. हजचं म्हणणं, मी फक्त धूळ साफ करत होतो. रॉयटर्सनं त्याचं काम थांबवलं आणि त्याचे सगळेच्या सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले.

फ्रीलान्सर म्हणून ही केस मला जास्त टोचली. युद्धभूमीवर परदेशी वार्ताहर सगळीकडे पोचू शकत नाही, तिथं स्थानिक स्ट्रिंगर लागतो. त्याला ना मोठा पगार, ना विमा. फोटो विकला गेला तर पैसे. मग थोडा धूर गडद केला, तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की धूर खरा होता, बॉम्ब खरे होते, घरं खरीच पडली होती. एका माऊस-क्लिकनं त्यानं त्या सगळ्यावर शंका घ्यायला जागा करून दिली.

उलटा डाव : 'हे तर सगळं नाटक!'

आणि ती जागा कशी वापरतात, ते बघायचं तर त्याच युद्धातलं काना गाव बघा. ३० जुलै २००६ रोजी इस्रायली हल्ल्यात तिथली इमारत कोसळली. आधी मृतांचा आकडा पन्नासच्या वर सांगितला गेला, मग 'ह्युमन राइट्स वॉच'नं तो २८ असल्याचं सांगितलं. एक बचाव कर्मचारी मुलाचा मृतदेह उचलून कॅमेऱ्यांना दाखवतोय, असे फोटो पुढे आले आणि 'सगळं स्टेज केलंय' अशी आरोळी उठली. कॅमेऱ्यासाठी मृतदेह दाखवला असेलही. पण मेलेलं मूल मेलेलंच होतं ना?

दुसरं उदाहरण त्याहून मोठं. ३० सप्टेंबर २०००, गाझामधला नेत्झारिम चौक. वडिलांच्या आडोशाला बसलेला १२ वर्षांचा मोहम्मद अल-दुर्रा आणि गोळीबार. 'फ्रान्स २' वाहिनीचं हे फुटेज जगभर गेलं. पुढे फ्रान्समधल्या फिलिप कारसेंटी यांनी आरोप केला, की हे दृश्यच बनावट आहे. वाहिनीनं बदनामीचा खटला भरला. २००६ मध्ये कारसेंटी हरले, २००८ मध्ये अपिलात जिंकले आणि २०१३ मध्ये पॅरिसच्या कोर्टानं त्यांना पुन्हा दोषी ठरवून सात हजार युरोंचा दंड केला. गोळी कुणाची होती, यावर दोन्ही बाजू आजही भांडतात. पण वडिलांचं काय? मुलगा गमावला आणि वर तो गेलाच नाही असं सांगणारी माणसं वर्षानुवर्षं ऐकायची.

थोडक्यात काय, तर खोटं दृश्य खरं म्हणून खपवणं हा एक धंदा आहे, आणि खरं दृश्य खोटं म्हणून उडवून लावणं हा दुसरा. दोन्हींत गिऱ्हाईक आपणच!

पुन्हा आपल्या घरात

आता पुन्हा मे २०२५ कडे येते. त्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराचीवर नौदलाचा हल्ला झाल्याचं सांगितलं. तो झालाच नव्हता. व्हिडिओ गेमची दृश्यं युद्ध म्हणून फिरली, सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरली. गाझासारख्या दुसऱ्याच युद्धातली जुनी फुटेज नव्या नावानं आली. शेवटी सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं, की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका. कारण उघड आहे. खरा भोंगा वाजेल, तेव्हा लोकांना तो टीव्हीतला वाटायला नको.

मावशीच्या घरात तो भोंगा रात्रभर वाजत होता. आणि त्यावर शिक्कामोर्तब करायला मी होते, घरातली पत्रकार!

बरं, हे सगळं वाहिन्यांवर ढकलून मी मोकळी होऊ शकते. पण त्या क्लिपला मावशीपर्यंत कुणी नेलं? मीच. मला ती खरी वाटली, कारण मला ती खरी असायला हवी होती. फसवणाऱ्याला नेमकं हेच माहीत असतं.

पुढच्या रविवारी साताऱ्याला गेले. मावशीला सगळं सांगितलं, सॉरीही म्हटलं. ती पोह्यांवर खोबरं भुरभुरत म्हणाली, "टीव्हीवाल्यांचं जाऊ दे गं. पण तू पाठवलंस, म्हणून मी घाबरले."

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. हल्ली मावशी काही आलं की मलाच पाठवते. "हे खरं का गं?" आणि मी उत्तर देते, "थांब मावशी, बघून सांगते." कधी दहा मिनिटं लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. ती थांबते.

फॉरवर्ड करण्याआधी...

• व्हिडिओतली एक फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि रिव्हर्स इमेज सर्च करा. जुनं फुटेज बऱ्याचदा इथंच सापडतं.
• पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, हवामान बघा. मे महिन्यात स्वेटर घातलेली माणसं दिसली, तर गडबड आहे!
• कॅमेरा कुणाचा आहे? लष्कराचा, पक्षाचा, की स्वतंत्र पत्रकाराचा? फक्त क्लोजअपच आहेत का?
• आकाशातल्या लढाईचा शॉट फारच स्वच्छ आणि स्थिर असेल, तर गेमची शंका घ्या.
• 'सगळं नाटक आहे' असं म्हणणाऱ्यालाही पुरावा मागा.
• आणि सगळ्यात सोपं : एक रात्र थांबा. तुम्ही फॉरवर्ड केलं नाही, म्हणून कुठलंही युद्ध हरलं जात नाही. पण केलंत, तर कुणाची तरी मावशी रात्रभर जागी राहू शकते.