थांबायचं कळणारा ईसीयू

टर्बो गाडीची ताकद वाढवायची ठरलं की पहिला प्रश्न येतो, "ईसीयू कोणता घेऊ?" मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट, सगळं पैसे मोजले की मिळतं. पण इंजिनात हवा किती आली, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवतो तो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. तो चुकीचा निवडला तर पिस्टन वितळायला एक संध्याकाळ पुरते. म्हणून ही निवड कशी करायची ते पायरीपायरीने पाहू.

ईसीयू काय करतो?

६००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० फेऱ्या मारतो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. ठिणगीची वेळ एका अंशाने चुकायला २८ मायक्रोसेकंद पुरे. क्रँक नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून अनेक इंजिनांत ६० दात मावतील अशा चाकाचे दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती फट सेन्सरसमोरून गेली की ईसीयूला मोजणीची सुरुवात सापडते. पण सगळ्याच इंजिनांच्या चाकाची दातांची रचना अशी नसते. त्यामुळे पहिली चौकशी हीच करा: हा ईसीयू माझ्या इंजिनाचं चाक वाचतो का?

दुसरी गोष्ट हवेची. बहुतेक ट्यूनिंग ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान मोजून हवेचा हिशेब करतात. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. घाट चढून पुण्यात आलं की तो ९५च्या आसपास येतो. हा फरक ईसीयूला कळायलाच हवा. टर्बोने एक बार बूस्ट दिला की मॅनिफोल्डमधला एकूण दाब २०० किलोपास्कलपर्यंत जातो. विनाटर्बो गाडीचा मूळ सेन्सर साधारण वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्यापुढे तो एकाच आकड्यावर अडकतो, आणि ईसीयू आंधळा होतो.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. म्हणून जाणकार ट्यूनर गुणोत्तरापेक्षा लॅम्ब्डाच्या भाषेत बोलतात. इंधन कोणतंही असो, लॅम्ब्डा १ म्हणजे बरोबर मिश्रण. त्याखाली पेट्रोल जास्त, त्यावर पेट्रोल कमी. पूर्ण बूस्टवर अनेक टर्बो पेट्रोल इंजिनं ०.८०च्या आसपास चालवतात, कारण जास्तीचं पेट्रोल ज्वलनाची उष्णता आटोक्यात ठेवतं.

तीन वाटा

चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय घ्या. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर. हिचा मूळ ईसीयू एकटा काम करत नाही. डीएसजी गिअरबॉक्स गिअर बदलताना त्याच्याकडे क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो. एबीएस आणि मीटरही कॅन वायरिंगवरून त्याच्याशी सतत बोलत असतात. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उच्च दाबाने फवारलं जातं. असे इंजेक्टर चालवणारी यंत्रणा साध्या ईसीयूत नसते. अशा गाडीला पहिली वाट बरी: रिमॅप. ईसीयू तोच, त्यातले तक्ते बदललेले. मात्र सात गिअरच्या या ड्राय क्लच डीएसजीची क्षमता २५० न्यूटन-मीटरची आहे. टॉर्कची मर्यादा त्या आकड्याकडे पाहूनच ठरवावी.

दुसरी वाट पिगीबॅकची, म्हणजे ट्यूनिंग बॉक्सची. तो सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि दाब कमी असल्याचं ईसीयूला खोटंच सांगतो. मग ईसीयू बूस्ट वाढवतो. बसवायला आणि काढायला सोपा, स्वस्तही. पण ईसीयूची संरक्षणं खऱ्या आकड्यांवर आधारलेली असतात. त्यालाच फसवलं तर ती संरक्षणंही फसतात. थोड्या वाढीसाठी हा उपाय चालेल, मोठा टर्बो लावणार असाल तर नको.

तिसरी वाट स्टँडअलोन. मूळ ईसीयू बाजूला ठेवून पूर्ण इंजिन नव्या कॉम्प्युटरच्या हाती द्यायचं. जुनी मारुती एस्टीम असेल, पोर्ट इंजेक्शनची, आणि तिला टर्बो नव्याने बसवला असेल, तर हीच वाट योग्य. कारण तिच्या मूळ ईसीयूत बूस्टचे तक्तेच नाहीत. ऑस्ट्रेलियाचे हॉलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडचा लिंक, पोलंडचा ईसीयूमास्टर ही नावं जगभर वापरात आहेत. हाताने जुळवायची तयारी असेल तर स्पीडुइनो हा मुक्त आराखड्याचा पर्यायही आहे.

खरी परीक्षा

ताकद यातला कोणताही ईसीयू काढून देईल. माझ्या मते निवड ठरावी ती एका प्रश्नावर: काही बिघडलं तर हा ईसीयू थांबतो का?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पोर्ट इंजेक्शनची गाडी, एक बार बूस्ट, तिसरा गिअर, आरपीएम ६०००. इंजेक्टरवर पेट्रोलचा दाब मॅनिफोल्डपेक्षा नेहमी ३ बार जास्त हवा, म्हणजे या घडीला रेलमध्ये ४ बार. पण पंप थकलाय आणि दाब ३.२ वरच अडकलाय. फरक उरला २.२ बार. पेट्रोलचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे साधारण १४ टक्के पेट्रोल कमी. लॅम्ब्डा ०.८० वरून ०.९३ वर. चालवणाऱ्याला काहीच कळत नाही, गाडी तर जोरात पळतेय. आत मात्र तापमान चढतंय आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी पेटणं, सुरू होतंय.

चांगल्या ईसीयूला इंधनदाबाचा सेन्सर आणि वाइडबँड लॅम्ब्डा जोडलेला असतो. तो पंपाचा थकवा ओळखतो, बूस्ट उतरवतो, गरज पडली तर इंजिन बंद करतो, आणि सगळी नोंद जपून ठेवतो. म्हणून यादी करा: आरपीएमनुसार ऑइल प्रेशरची मर्यादा, इंधनदाब, लॅम्ब्डा, नॉक, बूस्ट कट, येणाऱ्या हवेचं तापमान आणि डेटा लॉगिंग. या सगळ्यांना पुरतील इतक्या इनपुट ईसीयूत आहेत का ते मोजा. पुढे लागतील म्हणून दोन-चार मोकळ्या ठेवा.

पेट्रोलचाही विचार करा. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० पुण्या-मुंबईत २०२० पासून मिळतं, पण कोकणात उतरल्यावर प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही. १०० ऑक्टेनवर बसवलेला मॅप साध्या पेट्रोलवर नॉक करू शकतो. दोन मॅप ठेवून स्विचने बदलता येणारा ईसीयू म्हणूनच कामाचा.

पैसे आणि कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीशी आधी बोला. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका.

बजेट आखताना ईसीयूचा डबा शेवटी ठेवा. आधी सेन्सर, नीट क्रिंप केलेलं वायरिंग, पंप आणि डायनोवरचे तास. त्यातून उरेल त्यात ईसीयू. शक्यतो तुमच्या ट्यूनरचा हात बसलेला असेल तोच घ्या. महागडा ईसीयू अनोळखी हातात गेला तर तो स्वस्तातल्या ईसीयूपेक्षा वाईट चालतो.

आणि गाडीची किल्ली गॅरेजमध्ये देण्याआधी ट्यूनरला एवढंच विचारा: "भर वेगात ऑइल प्रेशर पडलं तर हा ईसीयू काय करेल?" उत्तर आकड्यांत आलं तर किल्ली द्या. "काही होत नाही हो" असं आलं, तर गाडी परत घेऊन या.