हिशेबाची वही आणि तंबोरा

दहावीचा, आमच्या तोंडांत बसलेल्या शब्दांत मॅट्रिकचा, निकाल लागला कीं, ज्याच्या गळ्यांत सूर आहे अशा मुलाच्या घरीं एक प्रश्न हटकून उभा राहतो : आतां पोटापाण्याचें पाहावयाचें, कीं गाण्याच्या मागें लागावयाचें? नगर जिल्ह्यांत शिक्षकी करीत असतां असे पालक माझ्याकडे वरचेवर येत. त्यांना मी पंडित वसंतराव देशपांडे यांचें चरित्र सांगत असें. नोकरी, घर आणि गाणें या तिहींची ओढाताण त्यांच्या आयुष्यांत जितकी उघड दिसते, तितकी क्वचितच कोठें दिसेल.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजीं वऱ्हाडांत मूर्तिजापूर येथें झाला. आईनें त्यांना घेऊन नागपूर गांठलें आणि एकटीनें कष्ट करून वाढविलें. चरित्रकार गुरूंची नांवें भक्तिभावानें देतात. परंतु पहिल्या शिकवणीचे पैसे कोणाच्या घामाचे होते, हें लिहावयास बहुधा विसरतात! नागपुरांत शंकरराव सप्रे यांजकडे त्यांचे धडे सुरू झाले. भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' (१९३५) या चित्रपटांत त्यांनीं बाळकृष्णाची भूमिका केली. पुढें मामांकडे लाहोरास गेले असतां असद अली खां यांनीं त्यांना कांहीं महिने एकच राग शिकविला, तो मारवा. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्जावर विसावूं न देणारी चाल. असा हा राग सूर्यास्ताच्या वेळचा आहे. ती कचेरी सुटण्याचीहि वेळ, हा योगायोग मला नेहमीं मौजेचा वाटत आला.

कारण त्यानंतर कचेरीच वाट्यास आली. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत त्यांनीं सुमारे दोन तपें कारकुनी केली. दिवसा आंकड्यांची बेरीज आणि रात्रीं मैफल. सुरेशबाबू माने किराणा घराण्याचे, अमान अली खां भेंडीबाजारचे; दोघांकडून त्यांनीं विद्या घेतली. मास्टर दीनानाथांच्या आक्रमक गायकीचा ठसा तर मनावर होताच. तुमचें घराणें कोणतें, असें कोणी विचारलें तर तें आपल्यापासूनच सुरू होतें, असें ते सांगत. हें उत्तर कित्येकांना उद्धट वाटलें. मला तें वस्तुस्थितीला धरून वाटतें. नोकरी सांभाळून चार ठिकाणीं मधुकरी मागणाऱ्याला एका घराण्याचें अन्न कसें पुरावें?

नोकरीनें त्यांना नेफाच्या सीमाभागांतहि नेलें. तेथें ना तबलजी, ना श्रोते. बदलीचा हुकूम हातीं आला कीं गवयाचा रियाझ काय म्हणतो, हें वरिष्ठांना कळण्याचें कारण नसतें. परंतु दुसरी बाजूहि आहे. पहिल्या तारखेचा पगार घरांत येत होता. बायकामुलांच्या ताटांत काय पडावें, हें एखाद्या जलशाच्या बिदागीवर ठरत नव्हतें. नोकरीला शिव्या देणारे रसिक या ताटाचा विचार करीत नाहींत.

१९६५ च्या सुमारास त्यांनीं नोकरीचें जूं उतरविलें. २४ डिसेंबर १९६७ रोजीं पुरुषोत्तम दारव्हेकरांचें 'कट्यार काळजांत घुसली' रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. त्यांतील खांसाहेब आफताब हुसेन साकार करतांना वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. सरकारी कारकून ज्या वयांत निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडूं लागतो, त्या वयांत हा माणूस महाराष्ट्राच्या घरोघरीं पोहोंचला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८२ मध्यें मिळाला आणि ३० जुलै १९८३ रोजीं ते गेले. पूर्णवेळ गायनाला अठराच वर्षें मिळालीं.

दोन तपें एका पारड्यांत आणि हीं अठरा वर्षें दुसऱ्या पारड्यांत घातलीं, तर हिशेब जुळत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. तरीहि पगार टाकून गाणें धर, असें मीं एकाहि विद्यार्थ्यास सांगितलें नाहीं. वडिलांना मात्र बजावीत असें कीं, पहाटेचा तास मुलाचा आहे, त्यांत दूध आणावयास त्याला पाठवूं नका.

आजोबा गेले तेव्हां नातू राहुल चार वर्षांचाहि नव्हता. त्यानें पुढें तोच खांसाहेब रंगमंचावर उभा केला, आणि २०२२ सालीं प्रदर्शित झालेल्या 'मी वसंतराव' या चित्रपटांत आजोबांची भूमिका केली. त्यांतील गायनाबद्दल त्याला राष्ट्रीय पुरस्कारहि मिळाला.