रक्तांतील धूर

आमच्या नाशिकच्या तांबटांनीं घडविलेला हंडा ज्या घरांत आहे, त्या घरच्या गृहिणीला प्राणवायूचा प्रताप निराळा सांगावयास नको. चार दिवस चिंच लावली नाहीं, कीं भांडें काळवंडतें. शरीरांतही असाच व्यापार अखंड चालतो. पेशी प्राणवायूवर जगतात. पण त्याचेच कांहीं अतितीव्र अंश त्यांना पोळूं पाहतात, आणि शरीरांतील संरक्षक द्रव्यें त्यांचें शमन करितात. हृदय दुर्बळ झालें म्हणजे हा तोल ढळतो, मंद दाहही जडतो, आणि दोहोंच्या खुणा रक्तांत उतरतात.

ह्यांपैकीं सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत सांपडलें. टीएनएफ नांवाचें दाहकारक द्रव्य हृदयदौर्बल्याच्या जुनाट रोग्यांत वाढलेलें असतें, हें १९९० सालीं प्रसिद्ध झालें. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं १९९९ सालीं दाखविलें, कीं आपल्याकडील शहरवासीयांच्या रक्तांत अशीं द्रव्यें खेडुतांपेक्षां अधिक असतात. त्यांच्या अंगीं मेदही अधिक होता. म्हणजे हा प्रश्न आपल्या माजघरापर्यंत आलेला आहे.

येथें न्यायशास्त्राचें स्मरण ठेवावें. डोंगरावर धूर दिसला तर अग्नीचें अनुमान करावें, असें आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत असूं. परंतु धूर हांकलल्यानें अग्नि विझतो, असें कोणत्याही शास्त्रांत नाहीं. टीएनएफला रोधणारीं औषधें हृदयदौर्बल्यावर योजून पाहिलीं. २००३ व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ दिसला नाहीं, उलट एका औषधाच्या मोठ्या मात्रेनें अपायच झाला. ई जीवनसत्त्वाची तीच गत. रोज ४०० एकक घेणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या व मधुमेहाच्या रोग्यांत हृदयदौर्बल्य कमी न होतां किंचित् वाढलें, असें २००५ सालीं आढळून आलें.

शिवाय सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन सर्दीखोकल्यानें वाढतें, सांधे सुजल्यानेंही वाढतें. म्हणून दम लागण्याचें कारण शोधतांना वैद्य बीएनपी ह्या द्रव्याकडे पाहतात. १९८८ सालीं जपानांत डुकराच्या मेंदूंत त्याचा प्रथम शोध लागला. पण तें मुख्यत्वें ताणलेल्या हृदयभित्तींतूनच स्रवतें. त्याच्या जोडीला प्रतिध्वनीनें हृदयाचें चित्र काढतात.

एकत्र कुटुंबांत वडीलधारीं माणसें आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहींत, आणि धाकटीं "वयोमानानें व्हावयाचेंच" म्हणून गप्प बसतात. पावलांवर सूज येणें, आडवें होतांच धाप लागणें, रात्रीं उशीवर उशी घ्यावी लागणें, दोनतीन दिवसांत वजन दोन किलोंनीं वाढणें, ह्या खुणा वाचण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. त्या दिसतांच जाहिरातींतील गोळ्या आणण्यापूर्वीं आजोबांस डॉक्टरांकडे न्यावें, हीच आमची वाचकांस विनंति आहे.