अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी गाडी

‘चालता चालता गाडी बंद पडते आणि अर्धा तास उभी ठेवली की आपोआप सुरू होते.’ जुनी मोटार नव्याने विकत घेतलेल्या माणसाकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. ज्यांनी पूर्वी उन्हाळ्यात मोटारीने बोरघाट चढला आहे अशा कोणत्याही वडीलधाऱ्यांना विचारा, ते लगेच सांगतील, ‘एअर लॉक झाला असणार. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाका.’ फडके टाकले की थोड्या वेळाने गाडी खरोखरच सुरू होते. मग यात समजावून सांगण्यासारखे उरले काय? उरले आहे ते असे, की फडके टाकले नाही तरी ती अर्ध्या तासाने सुरू होतेच. तेव्हा गाडी सुरू झाली ती फडक्यामुळे की अर्ध्या तासामुळे?

हा प्रश्न हिंजवडीत माझ्या शेजारी राहणाऱ्या एका तरुण इंजिनियरच्या गाडीवरून निघाला. नव्या मोटारींच्या इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणे हा त्याचा व्यवसाय. हौसेखातर त्याने घेतली ती मात्र संगणकाचा मागमूसही नसलेली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. तीच गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, एक कार्बोरेटर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. शिकवण्याच्या दृष्टीने या गाडीचा एक मोठा गुण म्हणजे बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो.

आता ओल्या फडक्यामागचे शास्त्र पाहू. या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे असते. इंजिनाला जोडलेला एक लहान पंप टाकीतले पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. (मेकॅनिक मंडळी याला ‘एसी पंप’ म्हणतात. वातानुकूलनाशी त्याचा काही संबंध नाही!) पंपात एक लवचीक पडदा वर-खाली होत असतो. पडदा एका बाजूला गेला की पेट्रोल आत ओढले जाते, परत फिरला की पुढे ढकलले जाते. ओढले जाताना टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो.

हे वर्गात सहज दाखवता येते. सुई काढलेली २० मिलिलिटरची सिरिंज घ्या. तिच्यात सुमारे ६५ अंशांचे गरम पाणी पाच मिलिलिटर ओढून घ्या, आतली हवा पूर्ण बाहेर काढा, तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी खळखळ उकळू लागते! दट्ट्या सोडला की बुडबुडे नाहीसे होतात. ६० अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक पंचमांश असतो. आतला दाब त्याहून खाली नेला की उकळणे सुरू होते. (पाणी हात पोळण्याइतके गरम असते, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.)

पेट्रोल तर पाण्यापेक्षा कितीतरी चंचल. ते एकच द्रव्य नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासून उकळू लागतात, तर जड घटकांना दोनशेच्या आसपास तापमान लागते. बॉनेटखालची नळी तापली की हलक्या घटकांची वाफ होते आणि पंपाच्या पोटात बुडबुडा अडकतो. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. पडदा वर-खाली होत राहतो, पण प्रत्येक वेळी तोच बुडबुडा आकसतो आणि फुगतो. पेट्रोल मात्र पुढे सरकत नाही. म्हणजे ‘एअर लॉक’ हे नावही तितकेसे बरोबर नाही. अडकते ती हवा नव्हे, पेट्रोलची वाफ. ओल्या फडक्यातले पाणी बाष्पीभवन होताना पंपाची उष्णता काढून घेते आणि त्या वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

पण मग हे भर रस्त्यात वेगाने जाताना न होता वाकड ते हिंजवडीच्या गर्दीत रांगतानाच का व्हावे? थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असे धरले, तर तासाला पाच लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर पेट्रोल लागते. जागच्या जागी चालू असलेल्या इंजिनाला मिनिटाला १५ मिलिलिटर पुरते असे समजू. बॉनेटखाली सहा मिलिमीटर आतील व्यासाची एक मीटर नळी असेल, तर तिच्यात २८ मिलिलिटर पेट्रोल मावते. म्हणजे वेगात असताना पेट्रोल त्या भट्टीतून २० सेकंदांत पार होते, तर गर्दीत जवळजवळ दोन मिनिटे भाजत राहते. त्यात बाहेरचा वारा नाही आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखाही संथ.

स्पष्टीकरण इतके सुरेख जमते, की ते खरे असलेच पाहिजे असे वाटू लागते. इथेच सावध व्हायला हवे. गरम झाल्यावर बंद पडणे आणि अर्ध्या तासाने सुरू होणे ही खूण आणखी निदान तीन दोषांचीही असू शकते.

पहिला दोष इग्निशन कॉइलचा. कॉइलमधल्या प्राथमिक वेटोळ्यातला प्रवाह ‘पॉइंट’ उघडल्यावर एकदम तुटतो आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. त्याचीच प्लगमध्ये ठिणगी पडते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेली तर रोध जवळजवळ पावपट वाढतो आणि प्रवाह तेवढ्या प्रमाणात घटतो. निरोगी कॉइलला हे सोसते. पण आतले विद्युतरोधक आवरण म्हातारे झाले असेल, तर तापल्यावर ठिणगी आतल्या आत फुटते, प्लगपर्यंत पोहोचतच नाही. कॉइल थंड झाली की सगळे पूर्ववत. पॉइंटशेजारचा कंडेन्सरही असेच करू शकतो.

दुसरा दोष टाकीतल्या गंजाचा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंजाचा बारीक चुरा साठलेला असतो. तो ओढला जाऊन जाळीवर बसतो आणि वाट अडवतो. इंजिन थांबले की ओढ थांबते, चुरा सावकाश खाली बसतो आणि वाट मोकळी होते.

तिसरा दोष सर्वांत गमतीचा. टाकीतून पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी म्हणून टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले तर टाकीत हळूहळू निर्वात तयार होतो. शेवटी पंपाची ओढ आणि टाकीची ओढ यांची रस्सीखेच होते आणि पंप हरतो. गाडी उभी राहिली की झाकणाच्या जुनाट वायसरमधून थोडी थोडी हवा आत झिरपते आणि अर्ध्या तासाने गाडी पुन्हा चालू.

चारही ठिकाणी खूण एकच आणि तो अर्धा तास चौघांनाही निर्दोष सोडतो. मदतीला कोणी येईपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो. शेजाऱ्याच्या बाबतीत एका गॅरेजने कॉइल, पंप आणि कार्बोरेटरचे सुटे भाग एकाच दिवशी बदलून टाकले. गॅरेजवाल्याला मी फार दोष देणार नाही. गाडी बंद पडण्याची वाट पाहत दोन दिवस तिच्यात बसून राहणे त्याला परवडत नाही, भाग बदलणे परवडते. पण तीन गोष्टी एकदम बदलल्यावर गाडी सुधारली असती तर कशामुळे सुधारली हे कळले नसते, आणि ती सुधारली नाही तेव्हाही, बदललेले नवे भाग चांगलेच आहेत असे गृहीत धरावे लागले. जुन्या गाडीसाठी आज मिळणारे सगळेच ‘नवे’ भाग विश्वासार्ह असतात असे नाही.

खरा पुरावा गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत मिळतो. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, इग्निशन बंद करावे, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या गळ्यात पाहावे आणि थ्रॉटल हाताने एकदा झटकन उघडावा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, संशय ठिणगीकडे वळतो. गळा कोरडा असेल तर पेट्रोलच्या वाटेवर कुठेतरी अडथळा आहे. मग टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकण दोषी. आता फिल्टर परत बसवून ठिणगी तपासावी. वायर काढून बॉनेटखाली उघडी ठिणगी पाडून पाहण्याची जुनी पद्धत पेट्रोलच्या वाफेत जीवघेणी ठरू शकते. प्लगच्या वायरला टायमिंग लॅम्पचा चिमटा लावून स्टार्टर फिरवला की दिवा लुकलुकतो की नाही यावरून ते सुरक्षितपणे कळते.

शेजाऱ्याने आणखी एक काम केले, ते मला जास्त आवडले. त्याने एक वही ठेवली. गाडी कुठे बंद पडली, किती वाजता, हवा किती गरम होती, निघाल्यापासून किती मिनिटे झाली, टाकीत पेट्रोल किती होते. सात-आठ नोंदी झाल्यावर दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. जानेवारीतल्या एका पहाटे, कडक थंडीत, मोकळ्या रस्त्यावर तळेगावकडे जातानाही गाडी बंद पडली होती. त्या वेळी वाफेचा अडथळा होण्याचे काहीच कारण नव्हते. आणि दुसरे म्हणजे, टाकी भरून घेतल्यावर ती लवकर बंद पडत होती, अर्धी असताना उशिरा.

ही दुसरी नोंद म्हणजे बॉइलच्या नियमाचे गाडीतले उदाहरणच. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर समजा तीन लिटर हवा आहे. एक लिटर पेट्रोल गेले की तीच हवा चार लिटर जागेत पसरते, तिचा दाब चतुर्थांशाने घटतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत वीस लिटर हवा असेल, तर एक लिटर गेल्यावर दाब जेमतेम पाच टक्के घटतो. (पेट्रोलची वाफ ही घट काही अंशी भरून काढते, म्हणून प्रत्यक्षातले आकडे याहून कमी येतील, पण दोन्हींमधला फरक राहतोच.) वाफेच्या अडथळ्याने किंवा तापलेल्या कॉइलने टाकी भरलेली आहे की अर्धी, याची फिकीर करण्याचे काही कारण नाही. झाकणाचे छिद्र बारीक तारेने मोकळे केले आणि तक्रार बंद झाली. खर्च शून्य.

एप्रिलमध्ये मात्र गाडी भूमकर चौकात पुन्हा उभी राहिली. खूण तीच. झाकण उघडून काही फरक पडला नाही, गळा कोरडा, टायमिंग लॅम्प व्यवस्थित लुकलुकत होता. या वेळी ओले फडके टाकल्यावर चार मिनिटांत गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास, त्याच ठिकाणी बंद पडल्यावर त्याने मुद्दाम फडके टाकले नाही, नुसती वाट पाहिली. पंचवीस मिनिटे लागली. वाफेचा अडथळा आता खरोखरच होता. हिवाळ्यात त्याच्यावर खोटा आळ आला होता, एवढेच. मग एग्झॉस्टच्या जवळून जाणारी पेट्रोलची नळी दूर वळवली, मध्ये पत्र्याचा आडोसा दिला आणि पंपाखाली उष्णता अडवणारी बेकेलाइटची जाड चकती बसवली. ही तिन्ही कामे त्याने एकेक आठवड्याच्या अंतराने केली. सर्वांत जास्त फरक नळी वळवल्याने पडला.

यात आजच्या पेट्रोलचाही थोडा वाटा आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पोहोचले. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, म्हणजे ते मिसळल्याने पेट्रोल कमी चंचल व्हावे असे वाटेल. घडते उलटे. इथेनॉलचे रेणू एरवी हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. हायड्रोकार्बनांच्या गर्दीत विखुरल्यावर ती पकड सुटते आणि त्यांना निसटणे सोपे जाते. बारावीला राउल्टच्या नियमाचे धन विचलन शिकवतो ते हेच. तेल कंपन्या मूळ पेट्रोलचे प्रमाण बदलून बाष्पदाब मर्यादेत ठेवतात, तरी सत्तर अंशांच्या आसपास वाफ होणारा भाग वाढतोच. शिवाय एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण पेट्रोलच्या दृष्टीने थोडे विरळ होते. त्यासाठी जेट किंचित मोठा बसवावा लागतो.

रबराचीही काळजी घ्यायला हवी. जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे ही नुसती बंद पडण्यापेक्षा फार गंभीर गोष्ट आहे, म्हणून गाडी घेतल्या घेतल्या या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी वेगळे होते, आणि पंपाची नळी नेमकी तिथूनच ओढते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवावी, म्हणजे दमट हवेला आत जागा कमी उरते. झाकणाचे छिद्र मात्र उघडे आहे ना, ते आधी पाहून घ्यावे.