रिपोर्टवरचा आकडा आणि बाळाची जन्मतारीख

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर लागतं आणि मग पूर्णा. दुतर्फा गोदामं, मधे मेट्रोचे खांब, कंटेनरच्या रांगा. इथल्या चाळींत एखाद्या हमालाच्या घरी बाळ आलं की पहिल्या ४२ दिवसांत आशाताईच्या सहा फेऱ्या ठरलेल्या असतात. वजन, नाळ, ताप एवढं ती बघतेच. बाळ एकदा पालथं घालून माकडहाडापाशी नजर टाकली, तर एका दुर्मिळ आजाराचा सुगावा तिला तिथेच लागू शकतो.

जर्म सेल ट्यूमर, म्हणजे बीजपेशींची गाठ. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास या पेशी पीतक-कोशाच्या भिंतीवरून निघतात आणि शरीराच्या मध्यरेषेने अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या जागी पोहोचतात. काही वाटेतच अडकतात. म्हणून ही गाठ माकडहाडापाशी, पोटाच्या मागच्या बाजूला, छातीत, क्वचित मेंदूतही सापडते. या पेशींत कोणतीही ऊती घडवण्याची ताकद असते, त्यामुळे गाठीत केस, कूर्चा, कधी दातही निघतात. हाच टेराटोमा.

पूर्ण्याहून खाडीपलीकडे मुंब्रा. जुलै २०१७मध्ये तिथे जन्मलेल्या एका बाळाच्या पोटातली गाठ प्रसूतीपूर्वीच सोनोग्राफीत दिसली होती. शस्त्रक्रियेत निघाला अर्धवट घडलेला गर्भ. त्या वेळच्या बातम्यांनुसार सुमारे ७ सेंटिमीटरचा, दीडशे ग्रॅमचा. २०२५च्या फेब्रुवारीत बुलढाण्यात जन्मलेल्या बाळावर अमरावतीत अशीच शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्रांना ‘बाळाच्या पोटात बाळ’ हा मथळा पुरतो. डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा असतो: हे आत राहून गेलेलं जुळं, की फार नीटनेटका टेराटोमा? कण्याची रचना दिसली तर कौल जुळ्याकडे झुकतो. वाद अजून मिटलेला नाही, आणि म्हणूनच गाठ काढल्यावरही बाळावर लक्ष ठेवतात.

तान्ह्या बाळांत सर्वाधिक आढळते ती माकडहाडाची गाठ. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे एक, आणि मुलींत मुलांच्या तिप्पट-चौपट. अमेरिकी सर्जन ऑल्टमन यांनी १९७४मध्ये तिचे चार प्रकार पाडले. पहिला जवळजवळ सगळा बाहेर लोंबणारा, तो कुणालाही दिसतो. चौथा पूर्ण आत. घातक तोच ठरतो, कारण आईची तक्रार एवढीच असते की बाळाला शी होत नाही, आणि महिनोन्‌महिने पोट साफ होण्याचं औषध चालू राहतं. जन्मतः बहुतेक गाठी साध्या असतात. दोन महिने उलटल्यावर कर्करोगाचं प्रमाण झपाट्याने वाढतं. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर माकडहाडही काढावं लागतं. ते ठेवलं तर गाठ परत येते, हे बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९५१मध्येच दाखवून दिलं होतं.

खरी गोम आहे रक्ततपासणीत. अल्फा-फीटोप्रोटीन, डॉक्टरांच्या तोंडी ‘एएफपी’, या गाठींच्या ‘पीतक-कोश’ प्रकारच्या कर्करोगात वाढतं. पण निरोगी नवजात बाळातही ते मिलिलिटरमागे सरासरी ४८ हजार नॅनोग्रॅमच्या आसपास असतं, दोन महिन्यांचं होईतो सव्वातीनशेवर येतं आणि आठव्या महिन्यात दहाच्या खाली. लॅबच्या कागदावर मात्र मोठ्या माणसाची मर्यादा छापलेली, दहाच्या आत! पंधरा दिवसांच्या बाळाचा लाल अक्षरातला आकडा बघून आख्खं घर रडायला बसतं. उलट, एक वर्षाच्या बाळाचे पाचशे, ‘लहान मुलांत असतंच’ म्हणून सोडले तर ती चूक जिवावर बेतू शकते. जन्मतारखेशिवाय हा आकडा वाचताच येत नाही.

मुलग्यांत आणखी एक फसगत. वृषण मोठं झालं, दुखत नाही. ‘पाणी भरलंय’ म्हणून सोडून दिलं जातं. बॅटरीचा उजेड आरपार गेला नाही, वृषण दगडासारखं टणक लागलं, तर सोनोग्राफी हवीच. कर्करोगाचा संशय असेल तर चीर जांघेत घेतात, अंडकोषावर नाही. नाहीतर पेशी नव्या वाटेने पसरू शकतात.

साध्या टेराटोमाला शस्त्रक्रिया पुरते. कर्करोगाला सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनवर आधारलेली केमोथेरपी. जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५मध्ये पेशींचं विभाजन रोखण्याचा प्लॅटिनमचा गुण अपघातानेच सापडला, आणि या आजाराचं भवितव्य पालटलं. आज योग्य उपचार मिळालेली बहुसंख्य बाळं बरी होतात. किंमत असते, सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून बोलायला शिकण्याच्या वयात कानाची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

तपासणी आणि उपचार, दोन्ही या भागाला तसे जवळचे. शाळा-अंगणवाड्यांतून बालआरोग्य तपासणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. १९४१पासून उभं असलेलं टाटा रुग्णालय परळला, वाडिया बालरुग्णालयही तिथेच. बाहेरगावच्या कुटुंबाने राहायचं कुठे, या प्रश्नाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि २००६पासून सेंट ज्यूडची केंद्रं उत्तर देतात. पूर्ण्याच्या माणसाला मात्र हे सगळं ‘जाऊन-येऊन’ अंतरावर. गाठ निघाल्यावर एएफपी दर पाच-सात दिवसांनी निम्मं व्हायला हवं. होतंय का, हे बघायला सुरुवातीचे महिने वरचेवर रक्त द्यावं लागतं. सकाळी शेअर रिक्षाने ठाणे, तिथून लोकल, रांग, सुई, परत लोकल. गोदामातल्या हजेरीवर बापाचा एक खाडा.