सिक्युरिटीची नोकरी : पहिली पायरी आणि पुढच्या

मंडळी, गणपतीला हॉलमध्ये भेटणाऱ्या नव्या मुलांना "सध्या काय करतोस?" असं विचारलं की काही जण उत्तर जरा हळूच देतात. "सिक्युरिटीत आहे, काका. तात्पुरतं." घरी फोनवर तर तेवढंही सांगत नाहीत. तिकडे सिक्युरिटी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन! (त्यालाही कमी लेखायचं कारण नाही. त्याच्या रोजगारासाठी नि कल्याणासाठी महाराष्ट्राने १९८१ साली खास कायदा केला.) पण इथे ही नोकरी नेमकी काय आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून हा लेख.

ब्रिटनमध्ये २००१ साली खासगी सुरक्षा व्यवसायाचा कायदा झाला आणि २००३ मध्ये सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी, म्हणजे 'एसआयए', ही सरकारी संस्था उभी राहिली. कंत्राटी कंपनीच्या गार्डला इंग्लंड-वेल्समध्ये मार्च २००६ पासून लायसन्स सक्तीचं झालं. स्कॉटलंडमध्ये ते २००७ मध्ये आलं आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००९ मध्ये. लायसन्स नसताना काम करणं हा गुन्हा आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. दुकानाने स्वतःच्या पगारावर ठेवलेला गार्ड यातून सुटतो; पब-क्लबच्या दारावरचा मात्र सुटत नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे लायसन्स माणसाच्या नावावर असतं, कंपनीच्या नाही. कंपनी बदलली तरी तीन वर्षं ते आपलंच. त्यामुळे कार्ड 'ठेवून घेणारा' मालक भेटला तर तिथून निघावं.

आता पहिलीच चूक कुठे होते ते सांगतो. थोडे पैसे वाचवायला मुलं साध्या गार्डचा कोर्स करतात. 'डोअर सुपरवायझर'चा कोर्स थोडा मोठा, साधारण सहा दिवसांचा असतो. पण ते लायसन्स असलेला माणूस दारावरही उभा राहू शकतो आणि ऑफिसात, गोदामात गार्ड म्हणूनही काम करू शकतो. उलटं चालत नाही. म्हणजे थोडक्या बचतीसाठी निम्मी कामं हातची जातात. एसआयएने एप्रिल २०२३ मध्ये लायसन्सची फी १८४ पौंड ठरवली. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. कोर्सचे पैसे वेगळे. २०२१ पासून कोर्सच्या आधी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, आणि एप्रिल २०२५ पासून नूतनीकरणापूर्वी उजळणीचा कोर्स सक्तीचा झाला आहे.

कोर्समध्ये दंडबैठका नसतात. भांडण शब्दांनी कसं थांबवायचं, घटनेची नोंद कशी लिहायची, कायदा कुठवर हात लावू देतो, संशयास्पद हालचाल कशी ओळखायची, हे शिकवतात. इंग्रजी चांगलं लागतं, कारण ती नोंद पुढे कोर्टात वाचली जाऊ शकते. या शिक्षणाची किंमत मँचेस्टर अरीनाने दाखवून दिली. २२ मे २०१७ च्या स्फोटात २२ जण गेले. अठरा वर्षांच्या एका गार्डला त्या माणसाचा संशय आला होता, पण रेडिओवरून त्याचा निरोप वरपर्यंत पोचलाच नाही, आणि चूक ठरलो तर लोक आपल्याला वंशद्वेषी म्हणतील अशी भीतीही त्याला वाटली. चौकशी आयोगासमोर हे सगळं आलं. त्यातूनच 'मार्टिन्स लॉ' म्हणून ओळखला जाणारा कायदा एप्रिल २०२५ मध्ये संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी किमान दोन वर्षांचा अवधी ठेवला असून देखरेख एसआयएकडेच सोपवली आहे. शिकलेल्या माणसांची गरज वाढणार, असा माझा अंदाज.

नव्याने आलेल्यांची खरी अडचण कागदांची. पाच वर्षांत सलग सहा महिने वा जास्त काळ परदेशात काढला असेल तर तिकडचा पोलीस दाखला लागतो. भारतात तो पासपोर्ट ऑफिसमार्फत मिळतो. शिवाय कंपनी मागच्या पाच वर्षांचा हिशेब मागते : कुठे शिकलात, कुठे नोकरी केलीत, मधले महिने काय केलंत. तेव्हा निघण्यापूर्वीच कॉलेजचं आणि जुन्या मालकाचं पत्र, तारखांसकट, घेऊन ठेवावं. इथून फोन करकरून ते मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

पुढच्या पायऱ्या आहेत, पण त्या आपोआप चढता येत नाहीत. सीसीटीव्हीचं वेगळं लायसन्स काढलं की कंट्रोल रूमचा रस्ता खुला होतो. तिथून शिफ्ट सुपरवायझर, मग साइट मॅनेजर, पुढे अनेक इमारतींचं कंत्राट सांभाळणारा मॅनेजर. अगदी वरच्या टोकाला, सीएसारखी, 'चार्टर्ड सिक्युरिटी प्रोफेशनल' ही मान्यता २०११ पासून आहे. आपल्या मुलांकडे हिशेब, कॉम्प्युटर आणि रिपोर्ट लिहिण्याची सवय असते. त्यांनी रात्रपाळीतले शांत तास यासाठी वापरावेत.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. गार्डच्या नोकरीवर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत नाही. कुणी एजंट तसं वचन देऊन पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजावी. डिग्रीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि स्वयंरोजगार अजिबात नाही. काही कंत्राटदार "सेल्फ-एम्प्लॉइड दाखवू, टॅक्सचं तू बघ" म्हणतात. हो म्हटलं तर कंत्राटदाराची सोय होते, पण व्हिसा मुलाचा जातो.

देणगीदारांपैकी कुणाला एखाद्या मुलाला मदत करावीशी वाटली, तर कोर्सची फी थेट मान्यताप्राप्त केंद्राला भरावी. केंद्रांची यादी एसआयएच्या वेबसाइटवर असते. आणि कार्यक्रमासाठी दारावर माणसं बोलावताना त्यांच्या कार्डावरचा सोळा आकडी नंबर तिथल्याच रजिस्टरमध्ये घालून पाहावा, एक मिनिट लागतं. आरतीनंतर पंगत बसली की दारावरच्या माणसाचं पान आधी वाढा. त्याची शिफ्ट बारा तासांची असते.