गाडीच्या शांपूला हळदीची परीक्षा

पोळ्याला बैल ज्या हौसेने धुवावेत, त्याच हौसेने खंडेनवमीला आपल्याकडे गाड्या धुतल्या जातात. बोअरच्या मोटारीजवळ ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि घरची चारचाकी ओळीने उभी राहते. हाताशी कपडे धुवायच्या पावडरीचा पुडा असतो, जुन्या बनियनचे फडके असते, आणि डाग निघत नसला तर भांडी घासायचा काथ्याही असतो. शेवटी चकाकी यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरतो. गाडी तेवढ्यापुरती झळकते खरी, पण तिच्या रंगाचे आयुष्य आपल्याच हाताने घटत असते.

आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने उसाच्या बिलातून गडद निळ्या रंगाची चारचाकी घेतली. थोरला मुलगा मोठा हौशी. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसायचा, दर रविवारी पावडरीने धुवायचा. तीन वर्षांनी धाकट्या मुलीचे लग्न निघाले आणि गाडी विकायला काढली. इंजिन ठणठणीत होते. पण गिऱ्हाइकाने गाडी उन्हात उभी करायला लावली आणि बॉनेटकडे वाकून पाहिले. कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक ओरखडे सगळीकडे दिसत होते. "काका, गाडी चालवलीत कमी आणि घासलीत जास्त," असे म्हणून त्याने किंमत पाडली. लग्नघरातली निकड होती. काकांनी मुकाट्याने पैसे घेतले.

असे का झाले? अँबॅसिडर, फियाटच्या काळी गाडीला बहुधा एकाच जातीचा रंग असे. तो मळला, फिका पडला की रबिंग कंपाउंड लावून घासावा, म्हणजे खालचा ताजा रंग वर येई. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर तीन-चार थर असतात आणि सर्वांत वर बिनरंगी लॅकरचा पारदर्शक थर असतो. चकाकी त्या थराची असते. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानापेक्षाही कमी. तो घासून गेला की खालून नवा येत नाही. घासण्याची सवय मात्र जुन्या गाडीची राहिली आहे.

या थराचा पहिला वैरी धूळ. आपल्या रस्त्यांच्या धुळीत मुरूम असतो, वाळू असते. साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या गाड्यांवर हंगामात चिमणीतून उडालेली काळी राख पडते. बगॅसच्या त्या राखेतही वाळूच्या जातीचा सिलिका असतो. अशा धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिशपेपर फिरवण्यासारखेच. तेव्हा आधी पाण्याने धूळ भिजवून वाहू द्या, मगच हात लावा. टपावरून सुरुवात करून खाली या, चाके शेवटी. बादल्या दोन घ्या, एक शांपूची आणि एक साध्या पाण्याची. फडके प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मग शांपूत बुडवा. गाडी धुऊन झाल्यावर त्या साध्या पाण्याच्या तळाशी बसलेला गाळ पाहा, तो एरवी कुठे घासला गेला असता हे कळेल. फडके मायक्रोफायबरचे असावे आणि ते जमिनीवर पडले तर पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नये.

आता शांपूचे. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. एकदा वापरल्याने लॅकर लगेच खाल्ले जाते असे नाही, पण लावलेले मेण निघून जाते, वारंवार वापरल्यास काचांभोवतीचे रबर रुक्ष पडते, आणि न विरघळलेले कण ओरखडे काढतात. बाजारात गाडीच्या नावाने मिळणाऱ्या सगळ्याच बाटल्या सौम्य असतात असेही नाही. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावेच, पण घरबसल्या एक परीक्षा करता येते.

घरची शुद्ध हळद चिमूटभर पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पातळ सारवा आणि वाळू द्या. शांपू ज्या प्रमाणात वापरणार त्या प्रमाणात पाण्यात मिसळून त्याचा थेंब त्या कागदावर टाका. कागद पिवळाच राहिला तर ठीक. लालसर तपकिरी झाला तर त्या शांपूत अल्कली आहे. यात नवे काही नाही. हळदीत चुना मिसळून कुंकू होते, तीच ही गंमत. पावडरीच्या पाण्याचा थेंबही शेजारी टाकून पाहा, फरक डोळ्यांनीच दिसेल.

हळदीने आम्ल मात्र कळत नाही. त्यासाठी शहाबादी फरशीचा फुटका तुकडा घ्या आणि त्यावर थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात आम्ल आहे असे समजून ते रंगापासून दूर ठेवा. संडास साफ करायचे द्रव चाकांवर ओतणारे लोक आम्ही पाहिले आहेत! चाके चकाकवणाऱ्या काही द्रवांत तर हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते आणि सौम्य असले तर सुरुवातीला दुखतही नाही. लेबलावर हे नाव दिसले तर ती बाटली घरात आणूच नये. मुले असलेल्या घरात तर नाहीच नाही.

फवारणीचा पंप गाडी धुण्यासाठी घेऊ नका, तो कितीही विसळलेला असला तरी. औषधाची बादलीही नको. धुण्याचे पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे वाहणार नाही अशी जागा निवडा.

बोअरचे पाणी जड असेल तर गाडी उन्हात कधीच धुवू नका. पाणी वाळते, क्षार मागे राहतात आणि पांढरे ठिपके बसतात. सावलीत धुवा आणि लगेच पुसून कोरडी करा. ताजे ठिपके व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून हलके पुसले तर जातात. नंतर साधे पाणी भरपूर ओता.

धुतल्यानंतर संरक्षण म्हणून मेण लावावे. इथे दुकानात फार गोंधळ होतो. पॉलिश आणि मेण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात, ते लॅकरचा थोडा थर काढते. मेण वरून थर देते. उत्तम मेणात कार्नोबा असतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर तो धरतो आणि 80 अंश सेल्सियसच्या पुढे वितळतो, म्हणून आपल्या उन्हातही टिकतो. एकदा लावले की दोन-तीन महिने पुरते. सिरॅमिक कोटिंग अधिक टिकाऊ खरे, पण खर्च मोठा, आणि दगडाची टिचकी त्यानेही चुकत नाही. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीला आमच्या मते मेण पुरे. डिझेल आणि गोडेतेल मात्र अजिबात नको, दोन्हींवर धूळ चिकटते आणि डिझेलने रबर फुगते.

गाडी उभी करण्याची जागाही पाहा. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पक्ष्यांची शीट तर उन्हात काही तासांत रंगाला खड्डा पाडते. ती खरवडू नका. ओले फडके दहा मिनिटे वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या.

राहता राहिली पूजा. गंध-कुंकू पत्र्याऐवजी काचेवर लावा. विड्याच्या पानावर लावून ते बॉनेटवर ठेवले तरी चालते. पत्र्यावर लावलेच तर संध्याकाळी ओल्या फडक्याने टिपून घ्या. झेंडूची माळ तारेत ओवलेली नसावी, दोऱ्यात ओवलेली असावी. माळ वाऱ्याने हलते आणि तार पत्र्यावर घासते. आणि नारळ बॉनेटवर न फोडता चाकापुढे दगडावर फोडा.